कोशर स्वयंपाक आणि बेकिंग: नवी पुस्तकं सुचवा

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. माझी भाची लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. ती ठाण्यातच वाढली, त्यामुळे नारळाच्या दुधातलं मटण, वालाचं बिरडं, मलिदा हे तिला डोळे मिटून जमतं. जावई मात्र तिकडचा, त्याचं आजोळ मूळ पोलंडचं. शुक्रवारी टेबलावर खल्ला (वेणी घातलेला पाव) हवा, सणाला बाबका (सारण भरून पिळलेला गोड पाव) हवा, पुरीम आला की खसखस भरलेली त्रिकोणी बिस्किटं हवीत. पोरीला हौस दांडगी, ओव्हनही हा एवढा मोठा, पण बेकिंगच्या नावाने शंख. कुकरमध्ये वाळू घालून केक करणाऱ्या घरातली ती, तिचा तरी काय दोष!

रोश हशानाच्या (आमच्या नव्या वर्षाच्या) आत तिला दोन-तीन पुस्तकं पाठवायची आहेत. घर काटेकोर कोशर आहे. इंग्रजी चालेल. फार जुनी नकोत, आणि नुसती चकचकीत फोटोंची तर नकोतच. शिवाय आपल्या बाजूच्या पदार्थांचं एखादं बरं पुस्तक असेल तर तेही सांगा, म्हणजे जावयालाही कळेल की आम्ही काय खातो.

कट्ट्यावरचा
बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. कोशर म्हणजे शाकाहारी का? आणि हल्ली सगळं यूट्यूबवर मिळत असताना पुस्तकं कशाला?

एडिसनवाली
@कट्ट्यावरचा, शाकाहारी नाही. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारं. थोडक्यात सांगते. मटण-चिकन आणि दूधदुभतं एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही. भांडीही वेगळी. मटण खाल्ल्यावर दुधाचं खायला बरेच जण सहा तास थांबतात, काही घरांत तीन. मासा खवले आणि पर असलेलाच: पापलेट, सुरमई, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल बाद. आणि ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही, ते 'पार्वे'. भाज्या, धान्य, तेल, अंडी, मासे सगळे यात आले. पार्वे पदार्थ मटणाबरोबरही वाढता येतो आणि दुधाबरोबरही (मासा तेवढा मटणाबरोबर बरेच जण टाळतात), म्हणून कोशर घरातलं निम्मं बेकिंग पार्वे असतं. शुक्रवारी रात्री जेवणात मटण किंवा चिकन असलं की नंतरच्या केकात लोणी, दूध, क्रीम काहीच चालत नाही.

ठाणेकरीण ताई, म्हणूनच माझा पहिला सल्ला: पहिलं पुस्तक पार्वे बेकिंगचंच घ्या. पॉला शॉयर यांचं 'द कोशर बेकर', 2010 चं. नवंकोरं नाही, पण याला अजून तोड मिळालेली नाही. बाई पॅरिसच्या रिट्झ एस्कॉफिए या पाककला शाळेत शिकलेल्या आहेत. 160 हून जास्त कृती, आणि सगळ्या दुधाशिवायच्या. पुस्तकाची मांडणी वेळेप्रमाणे केली आहे: झटपट होणारं आधी, घाम काढणारं शेवटी. नवशिकीला हे फार सोयीचं जातं. माझ्या शेजारणीकडे या पुस्तकाची जी प्रत आहे तिची पानं चॉकलेटने चिकटली आहेत. पुस्तक वापरात आहे की कपाटात, ते यावरून कळतं.

अश्दोदकर
शालोम आणि नमस्कार. कट्ट्यावरच्या भाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्यात खरी गोम आहे.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. जे काय करायचं ते शुक्रवारी सूर्यास्ताआधी. पण रोश हशाना, पेसाख, शावुओत अशा सणांच्या दिवशी (तो दिवस शनिवार नसला तर) आधीपासून पेटलेल्या विस्तवावर त्या दिवसापुरता स्वयंपाक करता येतो. फोन, टॅब्लेट, टीव्ही मात्र तेव्हाही बंद. म्हणजे घरात वीस माणसं जेवायला, गॅसवर पातेलं, आणि किती पाणी घालायचं ते आठवत नाही. अशा वेळी यूट्यूब काय कामाचं? पुस्तकच उघडावं लागतं. आमच्याकडे इस्रायलमध्ये अजून छापील पाककृतींची पुस्तकं खपतात, त्यात या गोष्टीचा हात मोठा आहे.

म्हणून दुसरं पुस्तक असं घ्या, जे शब्बाथची ही गोची समजून लिहिलेलं आहे. अदीना सुसमन यांचं 'शब्बात' (2023). त्या तेल अवीवमध्ये राहतात, तिथल्या कार्मेल बाजाराशी त्यांचं रोजचं नातं आहे, आणि कृती कोशर आहेत. शुक्रवारी करून ठेवायचं, रात्रभर मंद आचेवर राहिलं तरी बिघडायचं नाही, दुसऱ्या दिवशी गारही खाता यायचं, हा विचार त्यामागे आहे. त्यांचं आधीचं 'सबाबा' (2019) तर रोजच्या जेवणाला उत्तम. ताहिनी (तिळाचं वाटण), लिंबू, कोथिंबीर, मिरची हे सगळं आपल्या जिभेला ओळखीचंच.

पीठमळणी
वाचनखूण साठवली. मी ज्यू नाही, पुण्यात घरगुती बेकरी चालवते. माझा रस शुद्ध खमिराच्या पिठात. उरी शेफ्ट यांचं 'ब्रेकिंग ब्रेड्स' (2016) माझ्याकडे आहे. तेल अवीवची लेहामीम बेकरी त्यांनी सुरू केली, न्यूयॉर्कची ब्रेड्स बेकरी सुरू करण्यातही तेच होते. वेणी घालण्याचे फोटो टप्प्याटप्प्याने आहेत, वजनं ग्रॅममध्ये आहेत. बाबका शिकायचा तर यातूनच.

एडिसनवाली
@पीठमळणी, पुस्तक झकास आहे यात वाद नाही. पण यांच्या कामाला थेट येणार नाही. त्यातल्या बाबक्यात लोणी सढळ आहे, आणि लोणी आलं की तो पदार्थ दुधाचा झाला. शुक्रवारी रात्रीच्या मटणानंतर तो नुसता बघायचा. रविवारच्या न्याहारीला खा खुशाल.

आणि पावाला आणखी एक आडकाठी आहे. पाव दूध किंवा लोणी घालून भाजूच नये, असा जुना नियम आहे. चुकून कोणी तो मटणाबरोबर खाईल म्हणून. अगदी लहान असेल किंवा आकारच वेगळा असेल, पाहताक्षणी ओळखता येत असेल, तर मुभा. म्हणून खल्ल्यात पाणी, तेल, अंडी, साखर एवढंच असतं. दूध नाही, लोणी नाही.

पीठमळणी
अच्छा! मग लोण्याऐवजी तेल घातलं तर? मी कधीकधी करते. 100 ग्रॅम लोण्यात साधारण 80 ग्रॅमच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे 80 ग्रॅम तेल आणि वरून थोडं पाणी. पीठ जरा सैल वाटतं, फ्रीजमध्ये ठेवलं तरी लोण्याच्या पिठासारखं घट्ट होत नाही, लाटताना पळतं. पण पाव मऊ होतो आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. थिजलेलं खोबरेल घातलं तर लाटायला सोपं जातं. फक्त बिनवासाचं घ्या, नाहीतर बाबक्याला डोक्याला लावायच्या तेलाचा वास.

खोबरेल_प्रेमी
डोक्याच्या तेलाचा अपमान सहन केला जाणार नाही.

अश्दोदकर
पीठमळणी ताईंनी मुद्द्याला हात घातला. ठाणेकरीण ताई म्हणतात फार जुनी पुस्तकं नकोत, ते इथे लागू पडतं. विसाव्या शतकाच्या शेवटची कोशर बेकिंगची पुस्तकं मार्जरीनवर (वनस्पती तेलापासून केलेल्या लोण्यासारख्या पदार्थावर) उभी आहेत. पार्वे म्हणजे मार्जरीन, असं समीकरणच होतं. पुढे अमेरिकेत अन्न-औषध प्रशासनाने 2015 मध्ये अर्धवट हायड्रोजनीकृत तेलांविरुद्ध निर्णय दिला आणि 2018 पासून तो अमलात आला. मार्जरीनचा घाटच बदलला. जुनी कृती तंतोतंत केली तरी बिस्किटं पसरतात, क्रीम फुटतं. नवे लेखक ऑलिव्ह तेल, खोबरेल, ताहिनी, नारळाचं दूध यांच्याकडे वळले आहेत. चव तर सुधारलीच.

गंमत बघा, आपल्या आज्या-पणज्या आधीपासून हेच करत होत्या.

पेणकर
अगदी हेच लिहायला आलो होतो! कोकणात बेने इस्रायल घरांना मांस-दुधाची पंचाईत फारशी कधी पडलीच नाही, कारण दारात नारळ. मटणाच्या रश्शाला दही नाही, नारळाचं दूध. गोडालाही तेच. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्याकडचा नव्या वर्षाचा चिकाचा हलवा मी लहानपणी वर्षानुवर्षं खाल्ला आहे. त्या आजींची कृती जशी बघितली तशी सांगतो:

गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग ते वाटायचे आणि फडक्यातून पिळून चीक काढायचा, अगदी कुरडयांना काढतो तसाच. चीक खाली बसला की वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग मोठ्या पातेल्यात चीक, नारळाचं घट्ट दूध, साखर, चिमूट मीठ. इथून पुढे हात थांबवायचा नाही. तासभर तरी घोटायचं. आधी पांढरं पातळ असतं, मग गुठळ्या व्हायला लागतात, मग एकदम चकाकी येते आणि गोळा पातेल्याची कड सोडतो. नारळाचं तेल कडेने सुटायला लागलं की झालं. वेलची, जायफळ. ताटात थापून वर पिस्ते-बदाम दाबायचे, गार झाल्यावर शंकरपाळ्यासारखे काप. आजी अर्ध्या हलव्याला गुलाबी रंग घालायच्या. दुधाचा थेंब नाही, तुपाचा थेंब नाही. मटण खाऊन लगेच खाता येतो.

ठाणेकरीण
@पेणकर, डोळ्यांसमोर ताट आलं हो. आमच्याकडे आता चीक कोण काढतंय, चायना ग्रास घालून करतात. वेळ वाचतो, पण तो चिवट-मऊपणा येत नाही. भाचीला हेच हवं आहे, पण लिहून ठेवलेलं कुठे मिळेल?

सोनचाफा
एस्थर डेव्हिड यांचं 'बेने आपेती', 2021, हार्परकॉलिन्स इंडिया. अहमदाबादच्या बेने इस्रायल घरातल्या लेखिका. 'द बुक ऑफ रेचल'साठी 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्या कादंबरीतही प्रकरणागणिक पाककृती आहेत. 'बेने आपेती'मध्ये भारतातल्या पाचही ज्यू समाजांचं खाणं आहे: बेने इस्रायल, कोचीचे, कोलकात्याचे बगदादी, आंध्रातले बेने एफ्राइम आणि मणिपूर-मिझोरामचे बनेई मेनाशे. सण, चालीरीती आणि कृती हातात हात घालून येतात. जावयाला आपलं खाणं दाखवायला यापेक्षा योग्य पुस्तक नाही.

एक सांगते. यात वजनमापं काटेकोर नाहीत, फोटोंचा थाट नाही. ज्याला आपला स्वयंपाक येतो त्याला ते पुरतं. जावई एकटा हे घेऊन ओट्याशी उभा राहिला तर गोंधळेल.

अश्दोदकर
+1. यात भर म्हणून, कोचीच्या ज्यूंवर 'स्पाइस अँड कोशर' (2013) आहे. क्लॉडिया रोडेन यांचं 'द बुक ऑफ ज्युइश फूड' तर 1996 चं, नव्यात बसत नाही, पण त्यात भारतातल्या ज्यूंसाठी वेगळा भाग आहे आणि जगभरच्या 800 च्या वर कृती. रोडेनबाई स्वतः कैरोत जन्मलेल्या. ज्या घरात एक माणूस पोलंडकडचा आणि एक कोकणातला, त्या घरात हे पुस्तक असायलाच हवं. दोघांनाही आपापली आजी सापडते.

इस्रायलमध्ये आमच्या मंडळींचं 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक आहे. भाचीचे कोणी नातेवाईक दिमोना, लोद, बेरशेबा कुठेही असतील तर त्यांच्या घरी जुने अंक पडलेले असायचे. बघायला सांगा.

कट्ट्यावरचा
बिरडं हा सणाचा पदार्थ आहे का? आमच्याकडे श्रावणात असतं.

ठाणेकरीण
हो तर. तिशा बेआव, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तो आम्ही बिरड्याने सोडतो. जुनी माणसं त्याला 'बिरड्याचा सण'च म्हणायची. आणि हे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतं, म्हणजे तुमचा श्रावण जवळच. बरं, मूळ विषयावर या.

सुगरण_नसलेली
जेनेरिक प्रश्न विचारते: लिआ कोनिग यांचं 'द ज्युइश कुकबुक' (फायडन, 2019) कसं आहे? लग्नात भेट द्यायचा विचार आहे. दिसायला भारदस्त आहे.

एडिसनवाली
भारदस्त आहे, आणि आतही दम आहे. 400 हून जास्त कृती, देशोदेशीच्या. पण विस्तार मोठा असल्यामुळे प्रत्येक कृती थोडक्यात उरकली आहे. पीठ हाताला कसं लागायला हवं, किती वेळ मळायचं, असं हाताला धरून शिकवणं नाही. स्वयंपाक येणाऱ्या माणसाला उत्तम. त्यांचंच 'पोर्टिको' (2023) मला जास्त आवडलं. फक्त रोमच्या ज्यूंचं खाणं. तिथल्या जुन्या वस्तीतले तळलेले आर्टिचोक, सुकामेव्याची ती जाडजूड करपलेली वडी जिला तिकडे पिझ्झा म्हणतात... पसारा लहान ठेवला की पुस्तकाला जीव येतो.

आणि हो, जेरुसलेम, इस्रायल असं काही नावात दिसलं की पुस्तक कोशर, असं धरू नका. ओटोलेंघी-तमीमी यांचं 'जेरुसलेम' (2012) अप्रतिम आहे, माझं लाडकं आहे, पण त्यात कोळंबी आणि शिंपल्या चीजबरोबर आहेत. एका पदार्थात दोन नियम मोडले! कोशर स्वयंपाकीण त्यातल्या भाज्यांच्या कृती करते आणि ते पान उलटते. उलट सोलोमोनोव्ह यांचं 'झहाव' (2015) बघा. हॉटेल कोशर प्रमाणपत्राचं नाही, तरी पुस्तकात मांस-दूध एकत्र येत नाही. हुमुस शिकायचा तर तिथे.

गणिती_बाई
मापांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. अमेरिकन पुस्तकांत 'कोशर सॉल्ट' लिहिलेलं असतं. ते जाड कणीचं मीठ, चमच्यात कमी मावतं. डायमंड क्रिस्टलचा एक टीस्पून साधारण 3 ग्रॅम, आपल्या बारीक मिठाचा जवळजवळ 6. पुस्तकात एक टेबलस्पून लिहिलं म्हणून तुम्ही टाटा मीठ टेबलस्पूनभर घातलंत, तर रस्सा समुद्राला परत द्यावा लागेल. भाची तिकडे आहे, तिला ते मीठ मिळेल. इथून करणाऱ्यांनी अर्धं घ्यावं. आणि मैद्याचा कप कोणी 120 ग्रॅमचा धरतो, कोणी 140 चा. पाच कपांच्या खल्ल्यात 100 ग्रॅमचा फरक पडला. पुस्तकाबरोबर डिजिटल काटा पाठवा, पुस्तकापेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

अश्दोदकर
काट्याचा दुसराही उपयोग आहे. बरंच पीठ एकदम मळलं तर त्यातला लहान गोळा काढून बाजूला ठेवायचा, तो खायचा नाही, जाळायचा. साधारण 1.2 किलो पिठापासून हा गोळा काढतात आणि सुमारे 1.67 किलोपासून त्यावर आशीर्वादही म्हणतात. आकडे परंपरेप्रमाणे थोडे इकडेतिकडे. म्हणून बायका मुद्दाम दोन किलोचं पीठ मळून चार-सहा पाव भाजतात, उरलेले फ्रीझरमध्ये. शॅनन सार्ना यांचं 'मॉडर्न ज्युइश बेकर' (2017) याच वळणाचं आहे: खल्ला, बाबका, बेगल, रुगेलाख अशी मोजकी पिठं धरून त्यांचेच नाना प्रकार. एक पीठ हाताला बसलं की दहा पदार्थ. त्यात दुधाच्याही कृती आहेत, तेवढं बघून घ्यावं. नवशिकीला माझं मत शॉयरपेक्षा याला.

एडिसनवाली
असहमत. :) खल्ल्यासाठी सार्ना, मान्य. पण शुक्रवारी जेवणानंतर काय द्यायचं हा प्रश्न दर आठवड्याचा आहे, आणि त्याचं उत्तर शॉयरकडे आहे.

पीठमळणी
दोघांचं भांडण चालू असताना वेणीबद्दल लिहिते. तीन पेडांची कोणालाही येते, आपण केसांची घालतोच. सहा पेडांची पहिल्यांदा घालताना पेड पातळ आणि टोकाला निमुळते वळा, वरून कोरडा मैदा भुरभुरवा म्हणजे पेड एकमेकांत विरघळत नाहीत. आणि मधूनच सुरुवात करून दोन्ही टोकांकडे गेलात तर ताण सारखा राहतो. अंड्याचा हात दोनदा लावा, एकदा वेणी झाल्यावर, एकदा भाजायच्या आधी. रंग शिसवीसारखा येतो.

बघ्या
पेसाखचं काय? त्या आठ दिवसांत तर पीठच चालत नाही ना?

ठाणेकरीण
गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट यांचं फुगलेलं काही चालत नाही. आम्ही भात खातो, आमच्यात चालतो. जावयाकडचे अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपाकडचे ज्यू, ते परंपरेने तांदूळ, डाळीही टाळतात. पहिल्या पेसाखला आमची पोरगी सासरी भाताशिवाय आठ दिवस कशी राहिली ते तिचं तिला माहीत.

एडिसनवाली
शॉयरच्या पुस्तकात पेसाखचं वेगळं प्रकरण आहे. आणि त्यांचंच 'द हॉलिडे कोशर बेकर' (2013) सणांप्रमाणे लावलेलं आहे. बदामाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च, माझ्झ्याचा (न फुगवलेल्या कडक पोळीचा) चुरा यावर सगळा खेळ. बदामाचं पीठ आपल्याला नवं नाही, बदामाची कतली येणाऱ्या बाईला पेसाखचा केक जड जाऊ नये.

सोनचाफा
डॅनिएल रेनोव्ह यांचं 'पीज, लव्ह अँड कॅरट्स' (2020) कोणी वापरलंय का? आर्टस्क्रोल प्रकाशनाचं. मांस, दूध की पार्वे ते प्रत्येक कृतीवर लिहिलेलं असतं, त्यामुळे चुकायला वाव नाही. बाई मोरोक्कोकडच्या आणि पूर्व युरोपाच्या अशा दोन्ही वळणांचं करतात, म्हणजे भाचीच्या घरासारखंच मिश्र घर. रोजच्या रात्रीच्या जेवणाचं पुस्तक आहे, ओट्यावर उघडं ठेवायचं. मसाला मात्र हात राखून असतो, आपण दुप्पट करायचा.

फिरस्ता
अवांतर: 2025 मध्ये आलेलं 'गुर्शा' बघा. बीजी बर्हानी यांचं, इथिओपियन ज्यू खाण्यावर. बाई सुदानमार्गे इस्रायलला आल्या आणि मग न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. शब्बाथचा दाबो नावाचा पाव, इंजेरा नावाची आंबवलेली पोळी. आपल्या आंबोळीच्या चाहत्यांना इंजेरा ओळखीची वाटेल.

ठाणेकरीण
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगते. शॉयरचं 'द कोशर बेकर' आणि सुसमन यांचं 'शब्बात' तिकडूनच मागवून तिच्या पत्त्यावर जाईल. 'बेने आपेती' मी इथून घेऊन, मधल्या कोऱ्या जागांत आमच्या घरची मापं लिहून, बहिणीबरोबर पाठवते. सार्ना यांचं पुढच्या हनुक्काच्या सणाला. काटा ती तिथे घेईल.

@पेणकर, एकच विचारायचं राहिलं. चीक काढायला गहू कुठला? खपली की साधा?

पेणकर
आजी साधाच घ्यायच्या, पण जाड दाण्याचा आणि जुना. भिजल्यावर दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायला हवं, तोवर वाटायला घ्यायचा नाही. अमेरिकेत गहू शोधत बसण्यापेक्षा इराणी किंवा अरबी दुकानात गव्हाचं स्टार्च तयार मिळतं का ते बघायला सांगा. पाव किलो स्टार्चला दीड लिटर नारळाचं दूध लागेल, आणि पातेलं जाड बुडाचं हवं.